डीफ्रॅग करूनही तुकड्यांत राहणाऱ्या फायली : कारण ओळखून उपाय कसा करावा

विंडोजमधील डीफ्रॅगमेंटर, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे सलग जोडणारा प्रोग्रॅम, पूर्ण चालून थांबला, तरी काही फायली तुकड्यांतच राहतात आणि तो पुन्हा पुन्हा चालवूनही फरक पडत नाही. डिस्क बिघडली असा याचा अर्थ नव्हे. बहुतेक वेळा ती फाइल कोणीतरी उघडून धरलेली असते, तिच्या मापाची सलग जागा डिस्कवर नसते किंवा ती विंडोजची स्वतःची फाइल असते. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत, त्यामुळे नेमके कारण कळेपर्यंत काहीही पुसू नये किंवा बंद करू नये. महत्त्वाच्या कागदपत्रांचा बॅकअप मात्र सुरुवातीलाच दुसऱ्या डिस्कवर घेऊन ठेवावा.

त्याआधी डिस्क कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. विंडोज १० किंवा ११ मध्ये ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ ही खिडकी उघडली की ‘मीडिया टाइप’ या रकान्यात ते लिहिलेले असते. तेथे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असे दिसल्यास पुढचा खटाटोप करू नये. अशा डिस्कमध्ये फिरणारी तबकडी किंवा सरकणारे वाचनशीर्ष नसते, म्हणून तुकड्यांमुळे वाचनाचा वेग फारसा घटत नाही, उलट विनाकारण लेखन होऊन डिस्कची झीज होते.

हार्ड डिस्क असेल, तर कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीच्या चिन्हावर) राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे आणि ‘डीफ्रॅग सी: /ए /व्ही’ ही आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करावी. ही आज्ञा डिस्कवर काहीही न हलवता केवळ तपासणीचा सविस्तर अहवाल देते. अहवालाखाली एक टीप असते, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये : ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे विंडोज या आकडेवारीत धरत नाही. एवढा मोठा तुकडा सलग वाचला जात असल्यामुळे तो शेजारच्या तुकड्याला जोडून हाती फारसे काही लागत नाही. एखादी मोठी व्हिडिओ फाइल पाच-सहा मोठ्या तुकड्यांत दिसत असेल, तर ती खुशाल तशीच राहू द्यावी. नेमक्या कोणत्या फायली तुटलेल्या आहेत हे पाहायचे असल्यास मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील ‘कॉन्टिग’ हे मोफत साधन वापरावे. ते एका फाइलचे तुकडे मोजते आणि तेवढीच फाइल जोडूनही देते.

यानंतर मोकळी जागा पाहावी. एकूण मोकळ्या जागेचा आकडा येथे फसवा ठरतो. समजा, व्हर्च्युअल मशीनची (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकाची) एक फाइल २० जीबीची आहे आणि डिस्कवर २५ जीबी जागा मोकळी आहे, परंतु ती जागाच लहानलहान भागांत विखुरलेली आहे. अशा वेळी ती फाइल एकसंध ठेवायला जागाच सापडत नाही. विंडोज एक्सपीतील डीफ्रॅगमेंटर १५ टक्के जागा मोकळी नसल्यास तशी सूचना देत असे, आणि तेवढी जागा ठेवण्याची सवय आजही चांगलीच आहे. ‘डिस्क क्लीनअप’ने तात्पुरत्या फायली काढाव्यात आणि मग ‘डीफ्रॅग सी: /एक्स’ ही आज्ञा देऊन मोकळी जागा एकत्र आणावी. तरीही एखादी मोठी फाइल जुळत नसेल, तर ती दुसऱ्या डिस्कवर कॉपी करावी, तेथे ती नीट उघडते याची खात्री करावी, मूळ प्रत पुसावी, जागा पुन्हा एकत्र करावी आणि फाइल परत आणावी. हा मार्ग साधा आहे, पण तो केवळ स्वतःच्या कागदपत्रांसाठी व चित्रफितींसाठी वापरावा. विंडोजच्या फोल्डरमधील फायलींवर त्याचा प्रयोग मुळीच करू नये.

डिस्कवरील नोंदींत चूक असली, तरीही डीफ्रॅगमेंटर अडतो. ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘टूल्स’ या टॅबवरून चूक-तपासणी करून घ्यावी.

उघड्या फायलींचा शोध ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये घेता येतो. त्यातील ‘सीपीयू’ टॅबवर ‘असोसिएटेड हँडल्स’ नावाचा भाग आहे. तेथील शोधचौकटीत फाइलच्या नावाचा काही भाग लिहिला की ती धरून बसलेल्या प्रोग्रॅमचे नाव समोर येते. ईमेलची मोठी साठवण फाइल, डेटाबेस आणि मघाशी सांगितलेली व्हर्च्युअल मशीनची फाइल येथे हमखास सापडतात. तो प्रोग्रॅम रीतसर बंद करावा आणि मगच फाइल जोडावी. ‘एंड प्रोसेस’ने जबरदस्तीने बंद केल्यास डेटाबेस अर्धवट लिहिला जाऊन खराब होण्याचा धोका असतो.

आता विंडोजच्या स्वतःच्या फायली. यांत सर्वांत मोठ्या दोन असतात : रॅमला पूरक म्हणून वापरली जाणारी ‘पेजफाइल.सिस’ आणि हायबरनेशनची, म्हणजे संगणक बंद करताना चालू काम जपून ठेवणारी, ‘हायबरफिल.सिस’. विंडोज चालू असेपर्यंत त्या हलवता येत नाहीत, म्हणून त्या काढून नव्याने तयार कराव्या लागतात. हायबरनेशनची फाइल काढण्यासाठी ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ ही आज्ञा द्यावी. यामुळे ‘फास्ट स्टार्टअप’ (संगणक झटपट सुरू करण्याची सोय) हेही बंद होते, पण काम संपल्यावर ‘ऑफ’ऐवजी ‘ऑन’ लिहून दोन्ही पूर्ववत करता येतात.

पेजफाइलसाठी सर्व प्रोग्रॅम बंद करावेत, ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ उघडून ‘परफॉर्मन्स’मधील ‘सेटिंग्ज’वर, तेथून ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर आणि शेवटी ‘व्हर्च्युअल मेमरी’खालील ‘चेंज’वर जावे. खिडकीच्या तळाशी शिफारस केलेला आणि सध्याचा आकार दिलेला असतो, तो टिपून ठेवावा. मग स्वयंचलित व्यवस्थापनाची खूण काढावी, ‘नो पेजिंग फाइल’ निवडावे, ‘सेट’ दाबावे आणि संगणक रीस्टार्ट करावा. रॅम कमी असलेला संगणक या अवस्थेत अडखळू शकतो, म्हणून डीफ्रॅग चालू असताना दुसरे काहीही उघडू नये. डीफ्रॅग संपल्यावर त्याच खिडकीत ‘कस्टम साइझ’ निवडून किमान व कमाल या दोन्ही चौकटींत एकच आकडा लिहावा आणि पुन्हा रीस्टार्ट करावे. आकार स्थिर राहिल्यामुळे ही फाइल वाढताना पुन्हा तुटत नाही.

‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ या फोल्डरमधील रीस्टोअर पॉइंटही (विंडोज पूर्वीच्या स्थितीत नेण्यासाठी जपलेल्या नोंदी) जागा अडवतात. ‘सिस्टिम प्रोटेक्शन’मधून ते पुसता येतात, मात्र एकदा पुसले की मागे परतण्याची सोय जाते. म्हणून संगणक सुरळीत चालत असतानाच ते पुसावेत आणि काम होताच नवा पॉइंट तयार करावा.

‘मास्टर फाइल टेबल’, म्हणजे डिस्कवरील प्रत्येक फाइलची नोंद ठेवणारा तक्ता, याचा सुरुवातीचा भाग चालू विंडोजमध्ये जागचा हलत नाही. तो दोन-चार तुकड्यांत असल्यास त्याच्या वाटेला जाऊ नये. पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) लहान करताना एखादी न हलणारी फाइल आड येत असेल, तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘ॲप्लिकेशन’ नोंदींत २५९ क्रमांकाची नोंद शोधावी. शेवटच्या न हलणाऱ्या फाइलचे नाव तिच्यात दिलेले असते, आणि वरीलपैकी कोणता उपाय लागू होतो हे त्या नावावरून ठरवता येते.