शुभवर्तमानाचे मनन कसे करावे: थोडे वाचून विश्वासात वाढण्याची रीत

पवित्र शास्त्र नेमाने वाचणाऱ्या अनेक विश्वासणाऱ्यांची एक तक्रार असते: वाचून होते, पुस्तक मिटले जाते आणि तासाभराने काय वाचले हेही आठवत नाही. यात दोष स्मरणशक्तीचा नसतो. येशूचे जीवन व शिकवण सांगणारी मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची पुस्तके म्हणजे शुभवर्तमाने; या चारही शुभवर्तमानांत मिळून ८९ अध्याय आहेत. रोज एक या हिशेबाने ते तीन महिन्यांत वाचून होतात, आणि असे सलग वाचन उपयोगाचेही आहे, कारण त्यातून कथेचा ओघ कळतो. मात्र वाचन आणि मनन ही दोन निराळी कामे आहेत. लूककृत शुभवर्तमानात येशूची आई मरीया हिच्याविषयी दोनदा सांगितले आहे की तिने घडलेल्या गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या. एकदा येशूच्या जन्मानंतर मेंढपाळ येऊन गेल्यावर (२:१९, म्हणजे अध्याय २, वचन १९) आणि पुन्हा बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडल्यावर (२:५१). या दुसऱ्या प्रसंगी येशूचे म्हणणे तिला आणि योसेफाला समजले नव्हते, असे तेथेच लिहिलेले आहे (२:५०). न समजलेले वाक्य टाकून न देता ते जवळ बाळगणे, याला मनन म्हणतात आणि पुढे दिलेली रीत त्यावरच उभी आहे.

सुरुवात कोठून करावी

एकच शुभवर्तमान निवडावे आणि ते संपेपर्यंत दुसरे घेऊ नये. नवख्या वाचकाने मार्कपासून आरंभ करावा, असे माझे मत आहे. त्यात १६ अध्याय आहेत, चौघांत ते सर्वांत लहान आहे आणि प्रसंगामागून प्रसंग वेगाने येत असल्यामुळे मन रेंगाळत नाही. आधी ते एकदा सलग वाचून काढावे. दीड-दोन तासांत ते होते. मग पहिल्या वचनापासून सावकाश पुढे जावे. ज्यांना कथा आधीच ठाऊक आहे त्यांनी मत्तयाच्या ५ ते ७ या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचन घेण्यास हरकत नाही. योहानाचे शुभवर्तमान, त्यातही १३ ते १७ हे अध्याय, थोडा सराव झाल्यावर घ्यावेत. तेथील संभाषणे लांब आणि फार सघन आहेत. पुस्तक कोठेही उघडून जे समोर येईल ते वाचण्याची सवय मात्र सोडावी. तसे केल्याने आवडती वचनेच पुन्हा पुन्हा सापडतात आणि नावडती कधीच समोर येत नाहीत.

वेळ रोजची ठरलेली असावी आणि पंधरा-वीस मिनिटे पुरतात. येशू पहाटे अंधार असतानाच एकांतस्थळी जाऊन प्रार्थना करीत असल्याचे मार्क सांगतो (१:३५), पण ज्याला रात्रीच निवांतपणा मिळतो त्याने रात्री बसावे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

उतारा किती घ्यावा आणि कसा वाचावा

दहा-पंधरा वचने पुष्कळ झाली. अध्याय संपला म्हणजे विषय संपला असे मानू नये, कारण आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभीची आहे आणि नव्या करारातील वचनांचे क्रमांक रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. मूळ लेखकांनी यांपैकी काहीही केलेले नव्हते. मार्क ८:३४ पासून येशू वधस्तंभ उचलण्याविषयी बोलू लागतो, आणि त्या बोलण्याचा शेवट ९:१ मध्ये आहे; आठवा अध्याय संपताच थांबणाऱ्याच्या हातून तो निसटतो.

उतारा दोनदा वाचावा आणि त्यातील एक वाचन मोठ्याने करावे. बाराव्या शतकात ग्वीगो नावाच्या एका कार्थुशियन मठवासीयाने या साधनेच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवाच्या सान्निध्यात नुसते शांत राहणे. पहिल्या पायरीवर घाई झाली की पुढच्या तिन्ही कच्च्या राहतात. वाचताना दोन साधे प्रश्न विचारावेत: येशू हे नेमके कोणाला उद्देशून बोलत आहे, आणि याच्या लगेच आधी काय घडले? उदाहरणार्थ, हरवलेल्या मुलाचा दाखला (लूक १५), म्हणजे घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परतल्यावर बाप मेजवानी देतो ही बोधकथा, पश्चात्ताप करणाऱ्यांना सांगितलेला नाही. येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुर करणाऱ्या परूशी व शास्त्री या यहुदी धर्मनिष्ठांना व धर्मशिक्षकांना तो सांगितलेला आहे, हे त्याच अध्यायाच्या पहिल्या दोन वचनांत दिले आहे. हे लक्षात आले की घराबाहेर रुसून उभा असलेला थोरला मुलगा एकाएकी महत्त्वाचा होतो. तो आत गेला की नाही, हे लूक सांगतच नाही.

मनन म्हणजे प्रत्यक्षात काय करावे

एक उतारा घेऊनच पाहू: मत्तय १८:२१ ते ३५. अपराध करणाऱ्या भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय, असे येशूचा शिष्य पेत्र विचारतो आणि उत्तरादाखल येशू एका राजाचा व त्याच्या कर्जदार दासाचा दाखला सांगतो: राजा त्या दासाचे कर्ज माफ करतो, पण तोच दास आपले पैसे देणे असलेल्या सोबतीच्या दासाला तुरुंगात टाकतो. घाईने वाचणारा “क्षमा करावी” एवढे तात्पर्य काढतो, आणि तात्पर्य हाती आले की उतारा तिथेच मिटतो. त्याऐवजी आकड्यांपाशी थांबावे. मूळ ग्रीक मजकुरात पहिल्या दासाचे देणे १०,००० तालांत आहे आणि त्याच्या सोबतीच्या दासाचे १०० दिनार. दिनार म्हणजे किती, हे मत्तयच सांगतो: द्राक्षमळ्यातील मजुरांची दिवसाची मजुरी एक दिनार ठरली होती (२०:२). एका तालांताचे सुमारे ६,००० दिनार होत. म्हणजे पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे झाले. ते फेडायला कोणाचे आयुष्य पुरणार? तरीही हा दास म्हणतो, मला वागवून घ्या, सगळे फेडतो. आपले देणे फेडण्यापलीकडचे आहे, हेच त्याला अजून उमगलेले नाही.

आता दुसरे कर्ज पाहावे. १०० दिनार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक दिवसांची मजुरी. प्रवचनांत ही रक्कम क्षुल्लक असल्याचे वारंवार ऐकू येते, पण ज्याची तीन महिन्यांची कमाई अडकली आहे त्याला विचारून पाहावे. येशूने ही रक्कम शून्य ठेवलेली नाही. ज्यांना कोणीतरी खोल दुखावलेले असते, असे पुष्कळजण हा उतारा टाळतात, कारण क्षमा करणे म्हणजे काही घडलेच नव्हते असे म्हणणे, अशी त्यांची समजूत झालेली असते. १०० दिनारांचा आकडा तसे म्हणत नाही. शिवाय याच अध्यायात थोडे आधी (१८:१५ ते १७) अपराध्याला त्याचा अपराध दाखवून द्यावा आणि त्याने ऐकले नाही तर साक्षीदार सोबत न्यावेत, असेही सांगितले आहे. त्यामुळे अन्याय मुकाट्याने सोसत राहण्याचा आदेश या दाखल्यातून काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट दोनदा वाचणाऱ्यालाच दिसते. सोबतीच्या दासाची विनवणी (१८:२९) जवळजवळ त्याच शब्दांत आहे ज्या शब्दांत पहिल्याने राजाला विनवले होते (१८:२६). आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकूनही याला ते ओळखू येत नाहीत. येथे उतारा वाचकाकडे वळतो: गेल्या आठवड्यात मी स्वतः कधीकाळी केलेली कोणती विनंती दुसऱ्या कोणाकडून ऐकली आणि धुडकावली? असा प्रश्न समोर आला की वाचन थांबवावे, कारण मनन सुरू झालेले असते. मात्र “हे वचन अमक्याने ऐकायला हवे होते” असा विचार मनात आला, तर उतारा पुन्हा पहिल्यापासून घ्यावा.

कथात्मक प्रसंगांसाठी कल्पनेची मदत घेता येते. सोळाव्या शतकातील इग्नेशियस लोयोला यांनी प्रसंगाची जागा, माणसे आणि त्यांचे बोलणे मनापुढे आणून स्वतः त्यात उपस्थित राहण्याचा सराव शिकवला. वादळातील तारू (मार्क ४:३५ ते ४१) यासाठी चांगले आहे. उशाला डोके टेकून झोपलेला येशू केवळ मार्कलाच दिसला आहे. कल्पनेने मजकुराला उजाळा द्यावा, त्यात भर घालू नये.

प्रार्थना आणि कृती

जे दिसले तेच प्रार्थनेत मांडावे. अलंकारिक भाषेची गरज नाही. आपल्या आजारी मुलाला घेऊन आलेल्या बापाने विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच वाक्यात येशूपुढे ठेवले, “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका” (मार्क ९:२४), आणि त्याचे मागणे ऐकले गेले. ज्यांना प्रार्थनेत शब्द सुचत नाहीत त्यांनी हेच वाक्य उसने घ्यावे.

यानंतर त्याच दिवशी करता येईल अशी एक कृती ठरवावी. डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटी खडकावर आणि वाळूवर घर बांधणारे दोघेही वचन ऐकणारेच आहेत. त्यांच्यातील फरक आचरणाचा आहे (मत्तय ७:२४ ते २७). कृती लहान आणि नेमकी असावी. “अधिक प्रेमळ होईन” हा संकल्प संध्याकाळपर्यंत विरून जातो, तर “भावाला आज फोन करीन” हा केला की नाही हे रात्री स्पष्ट कळते. वहीत रोज तारीख, उतारा, पडलेला प्रश्न आणि ठरलेली कृती एवढ्या चार ओळी लिहाव्यात. अधिक लिहू लागले की वही दुसऱ्यांना दाखवण्यासारखी व्हावी असा मोह होतो.

काही दिवस काहीच जाणवणार नाही. अशा वेळी भावना ओढूनताणून आणू नये. उतारा वाचावा, वही भरावी आणि उठावे. फक्त मार्कमध्येच आढळणाऱ्या एका दाखल्यात माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि ते कसे वाढते हे त्याला कळत नाही (४:२६ ते २९). स्वतःची वाढ रोज मोजणाऱ्याने हा दाखला वहीच्या पहिल्याच पानावर उतरवून घ्यावा.

आठवड्यातून एकदा दोघा-तिघांबरोबर बसून आपल्याला पडलेले प्रश्न सांगावेत, कारण एकट्याने केलेले मनन हळूहळू आपल्याच स्वभावाचे प्रतिबिंब होऊ लागते. एखाद्या वचनाने मनात भीती किंवा अपराधीपणा घर करून राहिला, तर ते स्वतःशीच घोळत न बसता पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोलावे. निवडलेले शुभवर्तमान संपले की लगेच दुसरे न घेता आधी वही वाचावी आणि ज्या उताऱ्यांपुढे “समजले नाही” असे लिहिले होते तेवढे पुन्हा घ्यावेत. बेथसैदाच्या आंधळ्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसे झाडांसारखी चालताना दिसली. सगळे स्पष्ट दिसण्यासाठी येशूने त्याच्या डोळ्यांवर दुसऱ्यांदा हात ठेवले (मार्क ८:२२ ते २६).