पिकअपचं सस्पेन्शन अपग्रेड करताय? कमी बजेटमध्ये या चुका टाळा

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारखी पिकअप हाती आली की बहुतेकांच्या यादीत पहिलं नाव 'दोन इंच लिफ्ट'चं, म्हणजे गाडी दोन इंच उचलण्याचं असतं. इथूनच बजेटचं गणित बिघडतं. उंची हा सस्पेन्शनचा सगळ्यात दिखाऊ भाग आहे, महत्त्वाचा मात्र नाही. खडकाळ वाटेवर गाडी पुढे जाते ती चाक जमिनीला टेकून राहिल्यामुळे. ते टेकवून ठेवायचं काम टायर, शॉकअप (स्प्रिंगची उसळी शमवणारा शॉक अब्सॉर्बर) आणि योग्य वजनाची स्प्रिंग मिळून करतात. पैसे मोजकेच असतील तर ते आधी या तिघांवर लागले पाहिजेत.

या लेखातलं उदाहरण आपल्याकडच्या नेहमीच्या पिकअपचं आहे: पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा आस) आणि कमान पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग).

वजन न करता स्प्रिंग घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बाजारातल्या चांगल्या स्प्रिंग वजनाच्या पट्ट्यांनुसार येतात. गाडी रिकामी, पुढे स्टील बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र), मागे कायम दोन-तीनशे किलो, अशा प्रत्येक गरजेची स्प्रिंग वेगळी असते. 'पुढे कधीतरी विंच लावू' म्हणून आजच जड स्प्रिंग बसवली, तर तोवर गाडी पुढून ताठ राहते. छोट्या खड्ड्यांवर ती दबतच नाही आणि चाक उडत राहतं. उलट, मऊ स्प्रिंगवर बंपर आणि विंच चढवली की नाक खाली बसतं आणि प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉप (चाकाची वर जायची हद्द ठरवणारा रबरी ठोकळा) आपटतो.

उपाय स्वस्त आहे. नेहमीचं सामान, माणसं आणि भरलेली टाकी घेऊन वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या एक्सलवरचा भार कळतो. त्यानंतर सपाट फरशीवर, चारही चाकांना, हबच्या (चाकाच्या केंद्राच्या) मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंतचं अंतर मिमीमध्ये लिहून ठेवा. काम झाल्यावर किती फरक पडला हे याच आकड्यांवरून ठरेल, नजरेनं नाही.

स्प्रिंग निवडताना कायमचा भार धरायचा, वर्षातून दोनदा येणारा नाही. हौद्यावर कॅनोपी (बंद छत), आत ड्रॉवर आणि फ्रिज कायम असेल तर तो भार मोजा. मित्राचं घर हलवायला एकदा नेलेलं कपाट मोजू नका. आणि जड स्प्रिंग लावली म्हणून गाडीची कायदेशीर भारक्षमता वाढत नाही. एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चासी सगळं जुनंच असतं.

हायवेवरच्या दुकानात पाट्यांना कमान मारून घेणं

पाटे बसले की कमान-पाट्याच्या दुकानात ठोकून कमान वाढवून घेणं हा आपल्याकडचा जुना, स्वस्त मार्ग. थंड पाटा ठोकून वाकवला की तो वर येतो खरा, पण पोलादाला पुन्हा योग्य पाणी दिलेलं नसतं. काही महिन्यांत पाटे परत बसतात, बहुतेक वेळा डावी-उजवीकडे कमी-जास्त. ट्रिपच्या तोंडावर गाडी चालती करायची असेल तर ठीक. पण ज्याला अपग्रेड म्हणायचं आहे, त्याचे पैसे यात घालू नका.

दुसरा मोह म्हणजे जादा पाटा टाकायचा. पिकअपचे पाटे मुळातच भाराच्या हिशेबाने ताठ असतात, म्हणूनच रिकामा हौदा उड्या मारतो. रिकाम्या गाडीत आणखी एक पाटा टाकला की मागचं चाक चढावर आणखी उडतं आणि पकड जाते. जादा पाटा कायम भार वाहणाऱ्या गाडीसाठी. टाकलाच, तर पाट्यांची जाडी वाढल्यामुळे पाटे एक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट अपुरे पडतात. नवे, योग्य लांबीचे घ्या. एकदा ताणले गेलेले यू-बोल्ट परत वापरायचे नसतात. कसताना चारही नट आलटूनपालटून, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने कसणाऱ्या पान्याने) कसा आणि 500 किमी झाल्यावर पुन्हा तपासा. नव्या पाट्यांची थप्पी बसते आणि नट सैल पडतात. हे राहिलं तर पाट्यांच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल जागेवरून सरकतो.

एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालून उंची मिळवणं स्वस्त असलं, तरी जोर दिल्यावर एक्सल पिळवटतो. ठोकळ्यावर ठोकळा कधीच नको. पाट्यांना जोड म्हणून एअर बॅग (हवा भरायची रबरी पिशवी) बसवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ती चासीच्या एकाच जागी भार देते. मागे लांबवर जड सामान आणि वर खराब रस्ता असं जुळून आलं तर चासी वाकू शकते.

पुढे स्पेसर लावून काम झालं समजणं

पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडणीच्या) डोक्यावर 25 मिमीचा स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी जाड चकती, लावला की चाकाजवळ उंची जवळपास 45-50 मिमी वाढते, कारण स्ट्रट आर्मवर चाकापासून आत बसलेला असतो. हा हिशेब माहीत नसल्यामुळे लोक 50 मिमीचा स्पेसर मागवतात आणि सीव्ही जॉइंटची (पुढच्या चाकाला इंजिनचा जोर देणाऱ्या सांध्याची) वाट लावतात. शिवाय स्पेसरने शॉकअपचा प्रवास वाढत नाही, फक्त आर्म आणखी खाली लटकतो.

काम झालं की गाडी चासीवरून उचला, घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा आणि पुढचं चाक पूर्ण लटकू द्या. वरचा आर्म स्प्रिंगला घासतो का? सीव्हीच्या रबर बुटाच्या घड्या एकमेकींवर चढल्या आहेत का? स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जाते का, तेही पाहा. यातलं एकही 'हो' आलं तर उंची कमी करा. 40-50 मिमीच्या पुढे जायचं तर वेगळे वरचे आर्म आणि लांब ब्रेक पाइप लागतात. हा खर्च बजेटमध्ये नसेल तर ती उंचीही बजेटमध्ये नाही.

टाटा झेनॉनसारख्या टॉर्शन बारच्या (पिळल्यावर स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याच्या) गाडीत बोल्ट आवळून नाक उचलता येतं, तेही फुकट. पण त्याने चाकाचा खाली जायचा प्रवास खाल्ला जातो. खड्डा आला की चाक तिथेच लटकतं आणि खाली जायची हद्द ठरवणाऱ्या स्टॉपवर ठोका बसतो.

लिफ्ट म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स ही समजूत

स्प्रिंगने चासी वर जाते, पण मागचा डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) जिथल्या तिथे राहतो. तो फक्त मोठ्या टायरने उचलला जातो. 255/65 आर17 टायरचा व्यास साधारण 763 मिमी, 265/70 आर17 चा 803. म्हणजे डिफरन्शियल फक्त 20 मिमी वर येतो. बदल्यात स्पीडोमीटर 95 दाखवेल तेव्हा खरा वेग 100 असेल आणि कमी वेगात चढताना गिअरचा जोर कमी पडेल. म्हणून मूळ मापाचाच, मजबूत साइडवॉलचा ऑल-टेरेन टायर, हवेचा गेज आणि छोटा कॉम्प्रेसर ही पहिली खरेदी. खडकाळ वाटेवर हवा 20-22 पीएसआयपर्यंत उतरवली की जे मऊपण येतं ते कुठल्याही शॉकअपने येत नाही. डांबरावर येताच ती परत भरायची.

शॉकअप नावावर घेणं

मावळ-मुळशीच्या पावसाळी चिखलवाटांवर वेग कमी असतो, तिथे साधा चांगला ट्विन-ट्यूब (दोन नळ्यांचा) शॉकअप पुरतो. लडाख-स्पितीच्या तासन्‌तास चालणाऱ्या वॉशबोर्ड (आडव्या लाटा पडलेल्या) रस्त्यावर शॉकअपमधलं तेल तापतं, त्यात फेस होतो आणि शॉकअप सोडून देतो. तिथे जाड पिस्टनचा, फोम सेल (आत फोम असलेला) किंवा मोनोट्यूब (एका नळीचा) शॉकअप पैसे वसूल करतो. पैसे अर्धेच असतील तर चार स्वस्त शॉकअप घेण्यापेक्षा मागचे दोन चांगले आधी घ्या आणि पुढचे नंतर. एकाच एक्सलवर मात्र दोन वेगळे शॉकअप नकोत.

लांबीही तपासा. एक्सल बंप स्टॉपला टेकतो तेव्हा शॉकअपमध्ये थोडा प्रवास उरलाच पाहिजे. नसेल तर शॉकअपच बंप स्टॉपचं काम करायला लागतो आणि सील फुटतं.

चाक लटकत असताना बुशचे बोल्ट कसणं

चांगले पार्ट घेऊनही काम बिघडतं ते इथे. आर्म आणि पाट्यांच्या सांध्यांत बसणाऱ्या बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. गाडी जॅकवर, चाक लटकलेलं आणि बोल्ट पूर्ण कसलेले, अशा स्थितीत गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलंच राहतं. काही महिन्यांत ते फाटतं आणि करकर सुरू होते. बोल्ट हाताने लावा, चाकं टेकवा, गाडी दोन-चार वेळा दाबून सोडा आणि मग टॉर्क द्या. मेकॅनिकला हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगा. आणि दाबलेली कॉइल स्प्रिंग घरी दोरीने किंवा तारेने बांधून काढायचा प्रयत्न करू नका. ती सुटली तर जीव जाऊ शकतो.

आरटीओचा भाग

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ वैशिष्ट्यांपासून वेगळा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. मूळ उंचीचे चांगले शॉकअप आणि योग्य स्प्रिंग यांच्याकडे आधी पाहायचं हेही एक कारण.

काम झाल्यावर काहीतरी वाजतंय

स्पीडब्रेकर उतरताना वरून 'टक' आला तर शॉकअप पूर्ण उघडून आपटतोय. स्पेसर जास्त झालाय किंवा शॉकअप आखूड आहे. छोट्या खड्ड्यांवर सतत टकटक होत असेल तर आधी स्टॅबिलायझरचा (वळणावर गाडीचा झोल आवरणाऱ्या दांड्याचा) लिंक रॉड आणि शॉकअपचा वरचा माउंट पाहा.

हायवेवर गाडी भरकटते, स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही? उंची वाढल्यावर कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी झालाय. 'टो' (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) तेवढा मारून देणाऱ्याकडे जाऊ नका, कॅस्टर-कॅम्बरसकट (कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल) छापील रिपोर्ट मागा.

ठराविक वेगाला सीटखाली थरथर येत असेल तर मागे उंची वाढून प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलला जोर नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलला आहे. सेंटर बेअरिंगखाली पॅकिंग किंवा एक्सलवर उतरती पाचर लागते. लागलीच क्रॉस (शाफ्टचा सांधा) बदलू नका.

मागचे ब्रेक कमी लागल्यासारखे वाटले तर ज्या गाड्यांत भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो, त्याचा रॉड तपासा. मागची चासी वर गेली की व्हॉल्व्हला हौदा रिकामा वाटतो आणि तो मागचा दाब कापतो. रॉड नव्या उंचीला जुळवून घेतल्याशिवाय घाट उतरू नका.

गाडी ड्रायव्हरच्या बाजूला 10 मिमी झुकली असेल तर स्प्रिंगला दोष देण्याआधी सुरुवातीला लिहिलेली मापं काढा. अनेक गाड्या मुळातच थोड्या झुकलेल्या असतात. त्या बाजूला स्प्रिंगवर पातळ पॅकर (चकती) टाकला की भागतं, आणि त्यानंतर अलाइनमेंट पुन्हा करावी लागते.