फिरायला नेल्यावर कुत्रा केकाटतो? या चुका टाळा

समोर दुसरा कुत्रा दिसला की आपला कुईकुई करत पट्टा ताणतो, मग भुंकायला लागतो आणि ओट्यावरून कुणीतरी विचारतंच, "चावतो काय हो?" बहुतेक वेळा हा माज नसतो. भीती असते, नाहीतर त्या कुत्र्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून झालेली तगमग. दोन्हींवर पहिला उपाय एकच, अंतर वाढवणं.

म्हणून आपल्या कोकणात सगळ्यात मोठी चूक रस्ता निवडतानाच होते. जांभ्या दगडाच्या दोन गडग्यांमधल्या (कुंपणांमधल्या) पाखाडीतून, म्हणजे अरुंद वाटेने, कुत्र्याला नेलं आणि समोरून दुसरा आला, की बगल द्यायला जागाच नाही. मोकळे असले की कुत्रे एकमेकांकडे थेट चालून जात नाहीत, वळसा घेत, बाजूने येतात. पाखाडीत आपण त्यांना नाकासमोर आणतो.

मग किनाऱ्यावर न्या, पण भरती-ओहोटी बघून. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती साधारण दुपारी 12 ते 1 च्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी 6-7 ला. नेमकी फिरायची वेळ, आणि पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, लांबवर उघडी. दुसरा कुत्रा सुरूच्या बनाशी दिसला तरी आपण पाण्याच्या कडेने निघून जाऊ शकतो. ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास सगळं उलट होतं. सकाळ-संध्याकाळ भरती, खाली चिंचोळी पट्टी, आणि गावातली कुत्रीही तिथेच. ते चार दिवस सड्यावर, म्हणजे गावावरच्या मोकळ्या कातळपठारावर जा. मासळीच्या लिलावाच्या वेळी बंदराकडे तर फिरकूच नका.

दुसरी चूक खाऊच्या वेळेची. भुंकायला लागल्यावर नाकापुढे चिकन नाचवून काही होत नाही. आवाज फुटण्याआधीच खुणा दिसतात: उघडं तोंड मिटतं, कान ताठ होतात, नजर खिळते, उगाच ओठ चाटतो. तेव्हाच, म्हणजे दुसरा कुत्रा दिसलाय पण आपला अजून गप्प आहे तेव्हा, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या. मीठ-मसाला नको, खारवलेली सुकी मासळीही नको. आवडीचा तुकडाही तो घेत नसेल, तर आपण फार जवळ आलोय. मागे फिरा. हे काम महिन्यांचं आहे. अंतर रोज कमी करत नेण्याची घाई झाली की परत पहिल्यापासून सुरुवात.

"गप!" म्हणून ओरडणं, हिसका देणं, गळा आवळणारी साखळी. याने कधीकधी आवाज बंद होतो, भीती तशीच राहते, वर दुसरा कुत्रा दिसला की गळा दुखतो हेही तो शिकतो. गुरगुरण्याबद्दल मारू नका. तो इशारा दाबला, तर पुढच्या वेळी इशाऱ्याशिवाय चावा येऊ शकतो. छातीचा हार्नेस आणि दीडदोन मीटरचा साधा पट्टा पुरे, तोही सैल धरलेला. "घाबरल्यावर जवळ घेतलं तर लाडावतो" हे मात्र खरं नाही. हात फिरवल्याने भीती वाढत नाही.

"भेटू दे की, होतील दोस्त!" म्हणणाऱ्यांना हसून नाही म्हणा.

भटकी कुत्री मागे लागली तर पळू नका. आपल्या कुत्र्याला मागे घेऊन मध्ये उभे राहा, मूठभर खाऊ त्यांच्या दिशेने फेका आणि सावकाश निघा. रेबीजची लस वेळच्या वेळी झालेली हवीच.

आजवर शांत असलेला कुत्रा अचानक असा वागू लागला, तर आधी पशुवैद्यांना दाखवा. कान किंवा सांधे दुखत असले तरी कुत्रा दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. जाताना फिरतानाचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा. दवाखान्यात तो बाकाखाली गप्प बसून राहण्याचीच शक्यता जास्त.