हिपॅटायटिस सीचं जनुकीय वैविध्य मोजताना या चुका टाळा

‘जीनोटाइप ३ आला, म्हणजे विषाणू कळला’ ही पहिली चूक. जीनोटाइप हे फक्त घराण्याचं नाव. जुनाट संसर्ग असलेल्या एकाच रुग्णाच्या रक्तात थोड्याथोड्या फरकाच्या विषाणूंचा मोठा गोतावळा नांदत असतो. या विषाणूचा आरएनए सुमारे ९,६०० अक्षरांचा, आणि त्याची नक्कल करणारं पॉलिमरेज हे एन्झाइम स्वतःच्या चुका तपासत नाही. शिवाय दिवसाला अंदाजे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात. सँगर सिक्वेन्सिंग या क्रम वाचण्याच्या जुन्या पद्धतीत यातलं फक्त बहुमत दिसतं. साधारण १५-२० टक्क्यांखालचे प्रकार निसटतात.

म्हणून लोक डीप सिक्वेन्सिंगकडे, म्हणजे एकाच नमुन्यातला क्रम हजारो वेळा वाचण्याकडे वळतात, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होते. एक लाख रीड्स (वाचलेले तुकडे) आले म्हणजे एक लाख विषाणू पाहिले असं नव्हे. ढोबळ हिशेब करू. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, मिलिलिटरला १,००० आहे. १४० मायक्रोलिटर प्लाझ्मा घेतला, म्हणजे १४० रेणू. आरएनए ६० मायक्रोलिटरमध्ये उतरवून त्यातले ५ वापरले, तर हाती जेमतेम १२. आरएनएवरून डीएनए प्रत (सीडीएनए) करताना त्यातलेही काही गळतात. पुढे पीसीआर उरलेल्या मोजक्या रेणूंच्याच प्रती काढत राहतं आणि अहवालात लिहिलं जातं, ‘वैविध्य कमी’. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. इथे प्रत्येक शीत निराळं आहे. तेव्हा प्लाझ्मा जास्त घ्या, सुरुवातीला किती रेणू होते ते मोजा आणि शक्य असेल तर प्रत्येक रेणूला आधीच वेगळी खूण लावणारे प्राइमर (नक्कल सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरा. कमी आणि जास्त लोडच्या रुग्णांची थेट तुलना तर करूच नका.

पीसीआर स्वतःही खोटं वैविध्य निर्माण करतं. अर्धवट बनलेला धागा दुसऱ्या साच्यावर चिकटला की रुग्णात कधीच नसलेला संकर तयार होतो. अचूक पॉलिमरेज वापरा, सायकल्स कमी ठेवा. माझा आग्रह असा, की क्रम माहीत असलेला एक क्लोन (एकाच रेणूच्या हुबेहूब प्रती) प्रत्येक वेळी सोबत चालवाच. त्यात जेवढे ‘बदल’ दिसतील, तेवढा गोंगाट तुमच्या पद्धतीचा. रक्त हेपरिनच्या (गोठणं रोखणाऱ्या द्रव्याच्या) नळीत घेऊ नका. हेपरिन पीसीआर अडवतं.

विषाणूच्या आवरणावरच्या ई२ प्रथिनाच्या टोकाचा २७ अमिनो आम्लांचा भाग प्रतिपिंडांना चकवत भराभर बदलतो. तिथला वैविध्याचा आकडा संपूर्ण जीनोमचा म्हणून देऊ नका.

पुढच्या नमुन्यात अचानक अगदी वेगळा क्रम दिसला, तर लगेच ‘उत्क्रांती’ लिहू नका. पुन्हा संसर्ग झाला असेल, आधी अल्पसंख्य असलेली शाखा वर आली असेल किंवा नळ्यांची अदलाबदलही झाली असेल. प्रयोगशाळेतले सगळे नमुने एकाच वंशवृक्षावर मांडून बघा.

आणि हा अहवाल रुग्णाच्या हाती पडला, तर तो घाबरणार. त्याला नीट सांगा, की एवढं वैविध्य असूनही सोफोस्बुव्हिर-डॅक्लाटास्व्हिरसारख्या औषधांनी बहुतेक जण बरे होतात. अँटिबॉडी त्यानंतरही पॉझिटिव्ह राहते. म्हणून बरं झालं का ते पाहायला उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए तपासणी करायची असते.