मायनर टू-फाइव्ह-वनवर सोलो कसा बांधायचा

टू-फाइव्ह-वन म्हणजे जॅझमध्ये स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरचे कॉर्ड ओळीने. सी मायनर घेऊ. कॉर्ड तीन: डी हाफ-डिमिनिश्ड (डी, एफ, ए फ्लॅट, सी), जी सेव्हन फ्लॅट नाइन (जी, बी, डी, एफ, ए फ्लॅट), सी मायनर सिक्स (सी, ई फ्लॅट, जी, ए). स्केल धुंडाळण्याआधी डाव्या हाताने फक्त कॉर्ड वाजवा आणि उजव्या हाताने दोन धागे पकडा. पहिला: सी, मग बी, मग पुन्हा सी. दुसरा: एफ, एफ, मग ई फ्लॅट. एवढ्या सुरांतच कॉर्ड बदलल्याचं कानाला कळतं.

आता डी हाफ-डिमिनिश्डवर एफ मायनर सिक्सचा अर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे सूर एकेक करून, वाजवा: एफ, ए फ्लॅट, सी, डी. सूर तेच, पण मांडणीमुळे हात सवयीच्या वाटेने जात नाही. जी सेव्हनवर बी, डी, एफ, ए फ्लॅट हा डिमिनिश्ड अर्पेजिओ घ्या आणि ए फ्लॅटवरून जीवर उतरा. हा जी सूर सी मायनर कॉर्डच्या पहिल्या ठोक्यावर पडला पाहिजे.

बहुतेकांचं बिनसतं ते जी सेव्हनवर. तिन्ही कॉर्डवर नॅचरल मायनर, म्हणजे सी मायनरचं साधं स्केल, चालवलं, की बीऐवजी बी फ्लॅट लागतो. ब्लूजची छटा म्हणून तो चालेल, पण सतत वाजवला तर घराकडे, म्हणजे सी मायनरकडे, परतण्याची ओढच नाहीशी होते. इथे सी हार्मोनिक मायनर वापरा, म्हणजे तेच स्केल, फक्त बी शुद्ध. अल्टर्ड स्केल, म्हणजे जीवर ए फ्लॅट मेलोडिक मायनर, नंतर शिकलं तरी चालतं.

सी मायनर सिक्सवर मात्र मेलोडिक मायनर: ए आणि बी दोन्ही शुद्ध. ए फ्लॅटवर थांबलात तर तो कॉर्डमधल्या ए आणि जी दोघांशी भांडतो.

मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा.