महायुद्धात गेलेल्या शिपायाचा माग कसा काढायचा

पहिलं म्हणजे अख्खं पहिलं महायुद्ध वाचायला बसू नका, एक माणूस नाहीतर एक पलटण पकडा. आपल्याकडे काही गावांत जुनी दगडी पाटी असते, १९१४-१९ च्या लढाईला या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. पण तिथे फक्त आकडा, नावं नाहीत, ती घरच्या म्हाताऱ्यांना विचारून काढायची, जमलं तर पलटणीचा नंबर पण.

नाव मिळालं की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी नि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या साइटवर फुकट सर्च करा. जिवंत परत आलेले तिथे नसतात हं. आणि साहेबाच्या कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे तीन-चार स्पेलिंग टाकून बघा, आडनाव सोडून नुसतं नाव पण टाका. नशीब असेल तर बापाचं नाव नि गाव पण दिसतं. इराकमधल्या बसरा मेमोरियलवर मात्र साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती, अधिकाऱ्यांची नावं आणि बाकीच्यांचा पलटणवार नुसता आकडा! हा भेदभाव कमिशनने कबूल केला थेट २०२१ मध्ये.

पलटण कळली की तिची वॉर डायरी बघा, म्हणजे पलटणीने रोज लिहिलेली लढाईची नोंदवही, लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ९५ या सिरीजला. भाषा एकदम कोरडी, इतके मेले, इतके जखमी, संपलं. म्हणून आजूबाजूचं वाचावं लागतं. उदाहरणार्थ इराकमधलं कूत-अल-अमारा, तुर्कांनी वेढलेलं, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी तिथे अडकल्या होत्या, वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. धान्य संपत आलं तशी घोडी कापायला लागले, पण धर्म बाटेल म्हणून बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मटण बरेच दिवस खाल्लं नाही आणि स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या आजाराने, खंगत गेले.

सगळ्यात मजा पत्रांत आहे. फ्रान्समधून शिपायांनी पाठवलेल्या पत्रांचे सेन्सॉरने केलेले इंग्रजी उतारे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. सेन्सॉर वाचतो हे पोरांना ठाऊक होतं, मग काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे, काळी संपत आली असं कोणी लिहिलं की समजायचं आपली माणसं फार मरतायत. पण प्रत्येक शब्द शिपायाचाच असं धरू नका, बऱ्याच जणांना लिहिता येत नव्हतं, सांगायचा एक, लिहायचा दुसरा, भाषांतर तिसऱ्याचं. पत्राची तारीख बघा आणि त्याच आठवड्याची डायरी शेजारी उघडून ठेवा.