घराण्याची वंशावळ कशी लिहावी आणि तुटलेली नाती कशी शोधावीत

वंशावळीचं काम माळ्यावरून सुरू करा. जुन्या ट्रंकेतली तांब्या-पितळेची भांडी खाली उतरवा, चिंचेने घासा आणि काठाखालची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उजेडात धरून वाचा. आमच्या आजीच्या तांब्यावर निघालं, ‘मामाकडून भेट, मु. संकेश्वर’, आणि पुढे लग्नाची तारीख. आजीला संकेश्वरचा मामा होता हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आजीची धाकटी बहीण त्याच मुलखात दिली होती आणि मधली चाळीस वर्षं तिच्याशी येणंजाणं नव्हतं. तिचा माग या एका तांब्यापासून लागला.

भांड्यांबरोबर लग्नपत्रिका, तेराव्याची पत्रं, आहेराच्या वह्या आणि फोटोंची मागची बाजू बघा. आहेराच्या वहीत माणसाचं नाव, गाव आणि रक्कम असते. ज्याने त्या काळी अकरा रुपये लावले तो नक्की जवळचा.

मग घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईसमोर बसा. हे उद्यावर टाकू नका. पुरुषांना विचारलं तर आजा, पणजा आणि जमीन कळते. आत्ती, मावशी, थोरली काकी यांना विचारलं तर सगळं गणगोत कळतं. प्रश्न मात्र त्यांच्या भाषेत हवा. ‘नातेवाईक कोण कोण होते?’ म्हटलं की त्या गप्प बसतात. ‘तुमच्यातल्या कुठल्या पोरी कुठल्या गावाला दिल्या? सुना कुठल्या केल्या?’ असं विचारा, मग थांबवावं लागतं. आमच्या आत्तीने एका दुपारी सतरा गावं सांगितली. बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. साल आठवत नसेल तर खुणेने काढा: गांधीवधानंतरची जाळपोळ, कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ. त्याच्या आधी की नंतर एवढं कळलं तरी पुरे.

आता कागद. तलाठ्याकडून सात-बारा घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. त्यावर वर्तुळात फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, नंबर असतात, खरी माहिती त्या फेरफारात असते. खातेदार वारला की वारस नोंद होते आणि तिथे विधवा, मुलगे, मुली यांची नावं येतात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीही वारस ठरल्या, त्यानंतरच्या नोंदी तर नीट वाचाच. भावांच्या नावावर जमीन करताना बहिणींनी दिलेलं हक्कसोड पत्र जोडलेलं असेल, तर त्यात प्रत्येकीचं सासरचं नाव आणि गाव मिळतं. हरवलेली आत्या शोधायला याहून चांगला कागद मला माहीत नाही. बहिणींनी हक्क सोडला म्हणून त्यांचा पत्ता आपल्यापर्यंत आला, हे वाचताना गलबलून येतं.

शहरातल्या घरासाठी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा.

जन्ममृत्यूसाठी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यू नोंदवहीच्या, नकलेचा अर्ज करा. जुन्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, ‘अमक्यास मुलगी झाली’ एवढंच असतं. त्यामुळे बापाचं आणि आज्याचं नाव पक्कं करूनच जा. आडनावावर भिस्त ठेवू नका. जुन्या कागदात ‘राणोजी बिन तुकोजी’ म्हणजे तुकोजीचा मुलगा राणोजी, आणि ‘कोम’ म्हणजे बायको. आज पाटील लावणारं घर शंभर वर्षांपूर्वी वेगळ्याच आडनावाने सापडू शकतं. साल फसली (जुनं महसुली साल) असेल तर ५९० मिळवा, शके असेल तर ७८. फसली १३२० म्हणजे इसवी १९१०-११.

कोल्हापूरकरांना एक जास्तीची सोय आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्यामुळे शेतकरी-कारागिरांची पोरंही शाळेच्या पटावर आली. गावच्या जुन्या शाळेत जनरल रजिस्टरचा उतारा मागा. त्यात नाव, बापाचं नाव, जात, जन्मगाव मिळतं. जन्मतारीख १ जून दिसली तर ती गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली समजा. आजा कोल्हापुरात शिकायला राहिला होता असं ऐकलं असेल तर बोर्डिंगांतही चौकशी करा. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१चं, आणि पुढे जवळजवळ प्रत्येक समाजाचं बोर्डिंग उभं राहिलं.

संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीचं दप्तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहे आणि त्यातलं बरंचसं जुन्या मोडी लिपीत आहे. मोडी जाणणारा माणूस बरोबर न्या. चिकाटी असेल तर स्वतः शिका, पुरालेख विभाग मोडीचे वर्ग घेतो.

हेळवी दारात आला तर त्याला परत पाठवू नका. आपल्या भागात आणि पलीकडे बेळगावकडे ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांची वंशावळ सांगत आली आहेत. पूर्वी बैलावरून यायचे. हेळवी चोपडी उघडून मूळ गाव, तिथून कोण निघालं, कुठे वसलं हे एका सुरात म्हणतो. मोठी गोष्ट ही की तो तुमच्या भावकीच्या दुसऱ्या गावांतल्या घरांनाही जातो, म्हणजे तुम्हाला ठाऊक नसलेली शाखा त्याला ठाऊक असते. तुमचा हेळवी कुठला हे गावातल्या थोरल्यांना विचारा. त्याला धान्य, कापड, पैसे मानाने द्या. मात्र त्याने सांगितलेलं फेरफाराशी ताडून बघा.

माग निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडे गेला तर १९५६पासून तो भाग दुसऱ्या राज्यात आहे हे लक्षात ठेवा. तिथे जमिनीचा उतारा कन्नडमध्ये मिळेल, वाचणारा सोबत हवा. गाव धरणाखाली गेलं असेल तर गावाच्या नावाने पुनर्वसन वसाहत शोधा.

पत्ता मिळाला म्हणून लगेच दारात उभं राहू नये. हे मी चूक करून शिकलो. संकेश्वरला पहिल्यांदा गेलो तेव्हा हातात सात-बाऱ्याची फाईल होती. मावशीआजीच्या मुलाने पाणीसुद्धा विचारलं नाही. “जमिनीचं काय असंल तर वकिलाकडं जावा,” म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही. चाळीस वर्षांनी कागद घेऊन येणारा माणूस वाटणीसाठीच येतो. दुसऱ्यांदा दोन्हीकडची ओळख असलेल्या एका म्हाताऱ्यांना घेऊन गेलो, फाईल घरी ठेवली, तांब्या पिशवीत घेतला. मावशीआजीने तो हातात धरून बराच वेळ अक्षरांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही. “आक्काचा,” एवढंच म्हणाली.

तेव्हा ओळखीचा माणूस मध्ये घाला, वाटणीसाठी आलो नाही हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि एखादं दुसरं लग्न, सोडून दिलेली बाई असं काही निघालं तर त्यांनी सांगितलं तेवढंच ऐका.

वहीत प्रत्येक नावापुढे कुणी सांगितलं आणि कधी, ते लिहा. कागदाने पक्कं झालेलं पेनने, ऐकीव पेन्सिलीने. माझ्या पणजीचं माहेर अजून पेन्सिलीतच आहे. मावशीआजी म्हणते ते गडहिंग्लजकडचं, आत्ती म्हणते आजऱ्याचं. सुगी झाली की हेळवी येतो म्हणतात, त्याला विचारायचं आहे.